थिबा राजवाड्यातले कारस्थान

ऐतिहासिक मालिकांमधला दरबार आपल्याला आता तोंडपाठ झाला आहे. पडद्याआड कान लावून उभी असलेली दासी, दुधाच्या पेल्यात कालवलेले विष, मशालींच्या उजेडात ठरणारा कट, आणि या सगळ्याच्या मध्ये सापडलेली एक प्रेमकथा, जिच्या कपाळावरचे विधिलिखित पहिल्याच भागात वाचता येते. दूरदर्शनवरच्या ‘स्वामी’पासून झी मराठीवरच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’पर्यंत मराठी प्रेक्षकाने हे जग मनापासून जवळ केले आहे, आणि त्यात काही गैर नाही. थेऊरला माधवरावांमागे सती गेलेल्या रमाबाईंसाठी ज्या घरांत डोळे पुसले गेले, त्या घरांना इतिहासाची ओढ त्या अश्रूंमधूनच लागली. पण या मालिकांच्या पोटात एक समजूत मुकाट्याने वाढत आली आहे: राज्य बुडते ते अंतःपुरातून, महत्त्वाकांक्षी बाईच्या हट्टातून, आणि सिंहासन गेले की कथाही संपते. या समजुतीला धक्का देणारी एक वास्तू रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे तोंड करून १९१० पासून उभी आहे. थिबा राजवाड्याची कहाणी नीट वाचली, तर दरबारातल्या खऱ्या कारस्थानाचा पत्ता भलतीकडेच सापडतो.

या कहाणीचा पहिला अंक मालिकेला हवा तसाच आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १८७८ च्या सप्टेंबरात मंडालेच्या महालात ब्रह्मदेशाचा राजा मिंडॉन अंथरुणाला खिळला होता. पन्नासाहून अधिक राण्या आणि शंभराहून अधिक मुले असलेल्या या राजाने वारस ठरवलेला नव्हता. सिनब्यूमशिन ही त्याची एक बडी राणी. तिला मुली होत्या, मुलगा नव्हता. आजारी बापाला शेवटचे भेटून घ्या, असा निरोप पाठवून राजपुत्रांना महालात बोलावण्यात आले आणि आत येताच त्यांना कैद केले गेले. न्याऊंगयान आणि न्याऊंगओक हे दोघे भाऊ तेवढे निसटले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. राणीने गादीसाठी निवडला तो थिबा. वय अवघे एकोणीस, स्वभाव मऊ, शिक्षण बौद्ध विहारातले. लंडन पाहून आलेला प्रधान किनवुन मिंजी यालाही हा तरुण सोयीचा वाटला. शांत राजा गादीवर बसवून कारभार मंत्रिमंडळाच्या हाती ठेवण्याचा त्याचा मनसुबा होता. मात्र राणीची मधली मुलगी सुपायालत हिने सगळ्यांचेच मनसुबे उधळले. थिबाचे लग्न खरे तर तिच्या थोरल्या बहिणीशी व्हायचे होते. हिने त्याचे मन जिंकले, बहिणीला बाजूला सारले आणि बापाच्या पन्नास राण्या पाहत वाढलेल्या या मुलीने नवऱ्याला बजावले की, या महालात दुसरी बाई येणार नाही. थिबाचे मन पुढे डाईंग खिन खिन नावाच्या एका तरुणीवर जडले, तेव्हा ती तरुणी जिवाला मुकली. त्याआधी, १८७९ च्या फेब्रुवारीत, कैदेतल्या राजपुत्रांची आणि त्यांच्या नातलगांची कत्तल झाली होती. मारले गेलेल्यांचा आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात सांगतात. एवढी सामग्री हाताशी असताना कोणत्या पटकथाकाराची लेखणी थांबेल?

थांबायला हवे ते इथेच. कारण ही पटकथा एकदा लिहून झालेली आहे, आणि ती लिहिणारे लोक ब्रह्मदेशाचे नव्हते. सुपायालत म्हणजे रक्ताला चटावलेली राणी आणि थिबा म्हणजे तिच्या मुठीतला दारुडा राजा, हे चित्र रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे रंगवले. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कत्तल झाली १८७९ च्या आरंभी. त्या वर्षी इंग्रजांनी मंडालेतला आपला वकील काढून घेतला, लढाई मात्र केली नाही. पुढची सहा वर्षे त्या मृतांसाठी इंग्रजांची एक तोफही हलली नाही. १८८५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाने फ्रान्सशी करार केला. त्याच वर्षी सागवानाची जंगले तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला, ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेल्याबद्दल, मंडालेच्या दरबाराने जबर दंड ठोठावला. ऑक्टोबरात इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता आला, नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावतीतून वर सरकली, २९ नोव्हेंबरला थिबा शरण आला आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. सहा वर्षे जी कत्तल पोटात घालता आली, ती सागवानाचा आणि फ्रेंचांचा प्रश्न निघताच असह्य झाली. क्रूर राणीची गोष्ट अंतःपुरात घडली असेल. तिचा उपयोग लंडनच्या पेढ्यांवर झाला. आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना, पण लोकांच्या तोंडी राहिली ती आनंदीबाई आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ करताना तिने फिरवलेले म्हणतात ते एक अक्षर. गारद्यांचा थकलेला पगार, पेशवाईची रिकामी तिजोरी आणि मुंबईकर इंग्रजांशी पुढे जुळलेले रघुनाथरावांचे संधान यांना एका बाईच्या पदराआड किती सहज लपवता आले!

यावर कोणी म्हणेल, हा राणीला धुऊन काढण्याचा उद्योग झाला. माणसे मेली ती खरीच ना? खरीच. ती कत्तल कोणाच्या हुकमाने झाली, त्यात आई किती, मुलगी किती आणि मंत्री किती यावर वाद आहेत. पण ते रक्त त्या राजवटीच्या हातांना होतेच, आणि ते पुसण्याची गरज मला वाटत नाही. माझे म्हणणे असे की, मालिकेच्या रचनेत त्या रक्ताचा हिशोबसुद्धा पुरा होत नाही. तो पुरा झाला रत्नागिरीत. थिबाच्या कोनबाऊंग घराण्यात राजकन्येला वर शोधायचा तो राजरक्तातलाच. थिबा आणि सुपायालत स्वतः सावत्र भावंडे होती. थिबाला चार मुली. दोघी मंडालेत जन्मल्या, तिसरी १८८६ साली मद्रासच्या मुक्कामी, चौथी १८८७ साली रत्नागिरीत. मुली वाढत गेल्या, वयात आल्या, तिशीच्या उंबरठ्यावर पोहोचल्या, आणि आईबापांना पसंत पडेल असा वर मिळेना. मिळणार कुठून? ज्या भावांच्या पोटी ते वर जन्मले असते, त्यातले बहुतेक भाऊ १८७९ मध्येच संपले होते. आईबापांच्या सिंहासनासाठी सांडलेल्या रक्ताची किंमत मुलींच्या रिकाम्या आयुष्यांनी चुकवली. कोणत्याही खलनायिकेला पटकथाकार देईल त्या शिक्षेपेक्षा ही शिक्षा मोठी आहे, आणि ती निरपराधांना झाली.

आता कारस्थानाचा दुसरा अंक. तो महालात घडला, पण त्याचे सूत्रधार सरकारी कचेरीत होते. १८८६ च्या एप्रिलमध्ये हे कुटुंब रत्नागिरीला आणले गेले. मुंबईहून बोटीने यायचे, पावसाळ्यात दर्या खवळला की तीही वाट बंद, आणि रेल्वे तर या गावाला शंभर वर्षांनंतर पाहायला मिळाली. राजाला जगापासून तोडायला असे बंदर सोयीचे होते. (रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना पुढे १९०८ मध्ये मंडालेला पाठवताना हेच गणित उलटे मांडले गेले.) पहिली चोवीस वर्षे राजा बंगल्यांत राहिला, जांभ्या दगडाचा, सागवानी कामाचा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. पहारेकरी होते, देखरेखीला अधिकारी होता आणि राजाच्या घरातला प्रत्येक जादा रुपया कागदावरून मुंबई सरकारकडे जाऊन परत येत होता. खर्च भागेना तेव्हा मंडालेहून आणलेली रत्ने एकेक करून गावच्या बाजारात गेली. न्गा मौक हे प्रसिद्ध माणिक तर शरणागतीच्या वेळीच कर्नल स्लेडनच्या हाती गेल्यावर दिसेनासे झाले होते, आणि राजा त्याची चौकशी अखेरपर्यंत करत राहिला. विषाचा पेला या महालात कोणी भरला नाही. अर्जांची उत्तरे उशिरा येत राहिली, एवढ्यानेच माणसे संपत गेली.

थोरल्या राजकन्येची, फायाची, कथा या कागदांच्या गराड्यात उगवली. गोपाळ सावंत हा राजाच्या पदरी नोकरीला असलेला रत्नागिरीचा माणूस, घरी बायको असलेला. फाया त्याच्या प्रेमात पडली आणि १९०६ साली तिला मुलगी झाली, टुटू. इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: याला प्रेमकथा म्हणायचे कसे? एक विवाहित पुरुष, एकाकी राजकन्या, आणि पुढे तिच्या तुटपुंज्या तनख्यावर चाललेला संसार; यात फसवणूकच अधिक दिसत नाही का? दिसते, आणि ती दाखवलीच पाहिजे. गोपाळला रांगड्या नायकाचे रूप देणारी मालिका खोटी ठरेल, आणि त्याच्या घरातल्या पहिल्या बायकोला विसरणारी मालिका त्याहून खोटी. पण फायाने जे केले त्याचे मोल त्याने उणे होत नाही. १९१९ मध्ये कुटुंबाला रंगूनला परत जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा ती गेली, आणि पुन्हा रत्नागिरीला आली. राजकन्येचा मान, आईचे घर, मायबोली हे सगळे मागे ठेवून तिने या गावातले साधे घर पत्करले. १९४७ मध्ये गरिबीतच तिचा अंत झाला. तिच्या बहिणीने, दुसऱ्या राजकन्येने, वडिलांच्या पश्चात आपल्या मनाचा माणूस निवडला तेव्हा सुपायालतचा कोप तिच्यावरही झालाच. एकेकाळी नवऱ्याच्या प्रेमात वाटेकरी नको म्हणून दरबाराशी झुंजलेली बाई मुलींच्या प्रेमाआड कुळाची भिंत होऊन उभी राहिली. सुपायालतच्या स्वभावातली ही गाठ उलगडायला एखादी थोर अभिनेत्री लागेल. तिला नुसते डोळे वटारायला लावणे हा तिचा आणि प्रेक्षकांचा, दोघांचाही अपमान आहे.

राहता राहिला वाहिनीवाल्यांचा आक्षेप: अर्ज, तनखा, परवानगी यांत नाट्य कुठे आहे? मला तर ते शेवटच्या पानापर्यंत दिसते. थिबा १९१६ च्या डिसेंबरात वारला. धाकटी राणी, सुपायालतची सख्खी बहीण सुपायागले, त्याआधी १९१२ मध्येच गेली होती. दोघांचे देह ब्रह्मदेशात न्यावेत म्हणून सुपायालत सरकारशी भांडत राहिली. सरकारला मंडालेत थिबाची समाधी नको होती, कारण समाधीपाशी माणसे जमतात. १९१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध दोन्ही शवपेट्या रत्नागिरीतच ठेवल्या गेल्या. १९२५ मध्ये ती रंगूनला वारली. तिलाही मंडाले मिळाले नाही. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ झाली. ज्या जोडप्याने एकमेकांखातर सारा दरबार अंगावर घेतला, त्यांच्या समाध्यांमध्ये बंगालचा उपसागर आणि अख्खा दख्खन पसरला आहे. हे अंतर राखण्यासाठी तलवार लागली नाही. नकाराचे पत्र पुरले. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीच्या त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले, तोवर थिबाला जाऊन शहाण्णव वर्षे झाली होती.

म्हणून मराठीत कोणी थिबावर मालिका करायला घेतलीच, तर त्यांना एक विनंती. मंडालेचे भाग आवरते घ्या. सिंहासन गेल्यावर कथा संपवू नका. तिथे ती सुरू होते. आणि शेवटच्या भागाला राजवाड्यातून बाहेर पडा, टुटूच्या घरी जा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची ही नात रत्नागिरीत लहानाची मोठी झाली, गावातल्या कोणत्याही बाईसारखे मराठी बोलली, इथल्याच कष्टकरी माणसाशी लग्न करून पवारांची सून झाली, हातावर पोट असलेल्या संसारात तिने मुले वाढवली, आणि २००० साली रत्नागिरीतच वारली.