पडायला वेळ लागतो

माझं माहेर वाईचं. गणपती घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोहायला कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नसे. काकांनी पाठीला वाळका भोपळा बांधून कृष्णेत सोडलं, चार गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. मुलगे देवळाच्या बाजूने मुटके मारायचे. आम्ही मुली परकर नेसूनच उतरायचो. उतरताना परकरात हवा शिरायची, तो कमरेभोवती टम्म फुगायचा आणि थोडा वेळ त्याच्याच जोरावर तरंगता यायचं. पोरगी दहा-अकरा वर्षांची झाली की हे बंद. मग नदीवर जायचं ते धुण्याची बादली घेऊन.

आजीला मात्र वयाची ही अट नव्हती. कार्तिकस्नानाला ती पहाटे उतरायची ती छातीभर पाण्यात, आणि स्नान उरकल्यावरही बाहेर यायची नाही. घाटाच्या पायरीला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, परत फिरायची, पुन्हा चालायची. ओठांत जप. घरातून घाटावर येताना एकेका पायरीला 'आई गं' म्हणणारी ही बाई पाण्यात ताठ कशी होते, हे मला कोडं होतं. विचारलं तर म्हणाली, "पाण्यात गुडघे गप्प बसतात बाई." मला वाटलं, कृष्णामाईची कृपा. आजीलाही तसंच वाटत असणार.

कोडं अर्धं सुटलं ते शाळेत. बाईंनी तानकाट्याला दगड टांगला, वजन वाचायला लावलं आणि मग दगड बादलीत बुडवला. काटा वर सरकला. दगड तोच, पण पाण्याने त्याचं थोडं ओझं उचललं होतं. आर्किमिडीज, प्लावक बल, दोन गुणांची व्याख्या. आजी आणि तो दगड यांचा संबंध मला तेव्हा लागला नाही आणि परीक्षेत तो कोणी विचारलाही नाही.

लग्न होऊन पुण्यात आले, नारायण पेठेत. सासूबाईंच्या लेखी पाण्याचा अर्थ एकच: १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी त्या घरातच होत्या. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या भिंतीवर हात ठेवून दाखवायच्या. रंग बदलला, गिलावा बदलला, पण हात बरोबर तिथेच जायचा. त्या घरात पोहायचा विषय काढणं म्हणजे त्यांच्या जखमेला हात लावणं होतं. पाणी पिंपात भरायचं, बादलीत काढायचं, कळशीने वर न्यायचं. मुलांना टिळक टँकवर घातलं तेही सासूबाईंची मनधरणी करून. मी काठावर टॉवेल आणि डबा घेऊन बसायची. आपणही उतरावं असं मनात यायचं, नाही असं नाही. पण चाळिशीतली बाई, पोहण्याचा पोशाख आणि ओळखीचे चारजण! मनातच राहिलं.

मग गुडघे बोलू लागले. डावा आधी, उजवा त्याच्या सोबतीला. साठीनंतर एका सकाळी न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय सरकला आणि मनगट मोडलं. मनगट सहा आठवड्यांत जुळून आलं, भीती काही जुळून येईना. मी भिंत धरून चालू लागले. आधी भाजीला जाणं सोडलं, मग गच्ची, मग जिना. घरचे प्रेमाने म्हणायचे, "आई, तू बस, आम्ही आणतो." बसून बसून मांड्यांमधलं बळ गेलं, आणि बळ गेल्यावर खरोखरच तोल जायला लागला. पडायची भीती माणसाला बसवते आणि बसणं माणसाला पाडतं. म्हातारपण म्हणून आपण जे सोसतो त्यातलं बरंचसं या चक्राचं देणं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हे चक्र बहुतेक वेळा घरच्यांच्या मायेनेच फिरतं.

पाण्यातल्या व्यायामाचं सुचवलं ते फिजिओथेरपिस्ट मुलीने. नातीने मोबाइलवरून पोटऱ्यांपर्यंत झाकणारा पोशाख मागवला. पहिल्या दिवशी मी त्यावर गाऊन, गाउनवर टॉवेल अशी तीन पदरी तटबंदी करून गेले. तिथे पाहिलं तर माझ्यासारख्याच दहा-बाराजणी, आणि दोन-तीन आजोबा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाण्यात गळ्यापर्यंत सगळे सारखेच दिसतात.

हा तरणतलावाचा उथळ भाग, पाणी छातीला. पोहायचं नाहीच, बऱ्याचजणांना येतही नव्हतं. चालायचं. पुढे, मग मागे, मग खेकड्यासारखं आडवं. कठड्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं, मग बोटही सोडायचं. फोमचे डंबेल्स पाण्याखाली दाबायचे. तरंगायला धडपडणारी हलकी वस्तू खाली दाबणं किती जड असतं ते तेव्हाच कळतं. पाण्यातल्या कट्ट्यावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. "आजी, खांदे खाली, पोट आत, श्वास कोंडू नका," काठावरून शिकवणारी पोरगी ओरडत असते.

आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. ते एकदा म्हणाले, "आयुष्यभर धावत्या गाडीत तोल सांभाळला हो ताई, आणि आता स्थिर घरात सांभाळता येत नाही." त्यांचा एका पायावरचा तोल गेला तेव्हा मी शेजारीच होते. ते कलले, हात पसरले, पाण्याने त्यांना चहूबाजूंनी धरलं आणि ते हळूहळू सरळ झाले. जमिनीवर याच क्षणी हाड मोडलं असतं. माणूस पडतो तो पापणी लवायच्या आत, सावरायचं ठरवेपर्यंत फरशी आलेली असते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात घोट्याला, मांडीला, कमरेला आपलं विसरलेलं काम आठवतं. पुन्हा कलायचं, पुन्हा सावरायचं. मला पाण्याने दिलं ते हे. गुडघ्याचं दुखणं कमी झालं हा त्यावरचा वरकड नफा.

त्या नफ्याचाही हिशेब आहे. कमरेभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचा निम्माच भार उरतो, छातीभर पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा, मानेपर्यंत गेलं की दहावा. म्हणजे साठ किलोची बाई छातीभर पाण्यात वीसएक किलोच्या भारावर चालते. आजीचे गुडघे गप्प का बसत होते ते असं. पण भार कमी म्हणून कष्ट कमी असं मात्र नाही, कारण पाणी अडवतं. हालचालीचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपटीच्या आसपास जातो. त्यामुळे वजनं मोजून द्यायला कोणी लागत नाही. जिला जमेल तिने जोरात, जिला नाही तिने हळू, दोघींना आपापल्यापुरता व्यायाम होतो. शिवाय चार फूट खोल पाण्यात पावलांवर पाऱ्याच्या ९० मिलिमीटरइतका दाब असतो. संध्याकाळी सुजणारे माझे घोटे तासाभराने आवळून येतात ते त्यामुळे. पायातलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं, मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणी फार झालं, आणि वर्ग अर्धा होतो न होतो तोच निम्म्याजणी शिडीकडे निघतात. याला आम्ही 'मध्यंतर' म्हणतो.

यात नवं काही नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला सांधे धरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. तिथे गंधकाचा गुण सांगतात. मला वाटतं ऊब आणि तरंगणं यांचा वाटा त्यात मोठा असावा. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ साली आजारी पडला, पोलिओचं निदान झालं आणि पाय गेले. १९२४ मध्ये तो जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यावर गेला. त्याचे पाय काही परत आले नाहीत. पण जमिनीवर न हलणारे ते पाय पाण्यात हलतात हे पाहून त्याने १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि पोलिओच्या रुग्णांसाठी उपचारकेंद्र उभारलं. बरा न होताही माणसाला पाणी का हवंसं वाटतं, याचं उत्तर त्या खरेदीखतात आहे.

पाण्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. गुडघे आणि खुबे झिजलेल्यांवरच्या तेरा चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१६ साली आढावा घेतला. निष्कर्ष असा की वेदना आणि हालचाल यांत फायदा होतो, पण थोडा, आणि तोही व्यायाम संपल्यानंतर लगेचचा. सोडला की गेला. हाडांना भार लागतो आणि पाणी नेमका तोच काढून घेतं, म्हणून हाडं ठिसूळ झालेल्यांनी जमिनीवर चालणं सोडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोलाचा. यातलं सगळं पाण्यात भागत नाही. मी घरी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते आणि पुन्हा गच्चीवर जाते. हृदय कमजोर असेल, फिट येत असतील, उघडी जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. थंडीत उघड्या तलावाच्या वाटेलाही जाऊ नये. वाऱ्यापेक्षा पाणी अंगातली ऊब फार भराभर ओढून घेतं.

आणि सगळ्यात अवघड काम असतं बाहेर येणं. तासभर वीस किलोची असलेली बाई शिडीच्या वरच्या दांड्यावर पाय ठेवते तेव्हा बाकीचे चाळीस किलो एकदम अंगावर येतात. ही शिडी सरळ उभी, दांडे बारीक आणि निसरडे. ज्या गुडघ्यांसाठी आलो त्यांनाच हा शेवटचा कडा चढायला लावायचा. पलीकडे शर्यतीच्या पट्ट्या आहेत, उडी मारायचा मंच आहे. ठोके मोजणारं भलंमोठं घड्याळही आहे. कठड्याच्या पायऱ्या मात्र नाहीत. मी अनेक तलाव पाहिले, बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा. तलाव बांधताना पासष्टीपुढचं गिऱ्हाईक कोणाच्या डोळ्यांसमोर नसतंच.

आपल्या शहरांत, तालुक्यांच्या गावांत नवे तरणतलाव होताहेत आणि जुन्यांची डागडुजी चालू आहे. नगरसेवकांनो, सोसायटीच्या अध्यक्षांनो, तलावाच्या एका बाजूला रुंद, खरखरीत पायऱ्या करा आणि त्यांना दोन्हीकडून कठडा लावा. छातीभर पाण्याचा एक लांब पट्टा राखून ठेवा. उन्हं वर आल्यावर, शाळेची मुलं गेल्यावर तलाव रिकामाच असतो, त्यातला एक तास आम्हाला द्या. काठावर ओरडायला एक जाणती पोरगी हवी. पोशाखाचं आम्ही बघून घेऊ.