तीन नावे

गेल्या महिन्यात, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, आम्हांला पुन्हा उमेदवार व्हावे लागले. तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिफारसपत्रे देण्यात गेली. आता प्राचार्यपदासाठी आम्हीच अर्ज भरावयास बसलो. शिक्षण, अनुभव, प्रसिद्ध लेख हे रकाने भराभर भरले. शेवटच्या रकान्यापाशी मात्र लेखणी अडली. तेथे अर्जदाराचे काम जाणणाऱ्या, नात्यातील नसलेल्या तीन व्यक्तींची नावे मागितली होती.

पहिले नाव ओठांवर आले ते आमच्या गुरुजींचे. पण त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. दुसरे आठवले, तेही दिवंगतच. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे साक्षीदार असे एकेक करून निघून जातात, हे आम्हांला त्या रकान्यानेच जाणवून दिले. अखेर आम्ही सोपी वाट धरली आणि एका निवृत्त कुलगुरूंचे नाव लिहिले. त्यांची आमची गाठ दोनदाच पडलेली. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या गळ्यात हार घातला होता.

सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. कागदावर नजर टाकून म्हणाल्या, "अहो, यांनी तुम्हांला शिकवताना कधी पाहिलंय?"

प्रश्न बोचला. संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्याने फिरताना अण्णासाहेब कर्व्यांची आठवण झाली. कोवळ्या वयात ते मुरूडहून डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेले होते. वयाची अट पुरी होत असूनही, दिसावयास लहान म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास माणूस हवा झाला. तेव्हा, १८९१ मध्ये, गोपाळराव गोखल्यांनी कर्व्यांना मुंबईहून बोलावून घेतले. गोखले त्या वेळी अवघे पंचविशीचे. पण एल्फिन्स्टन कॉलेजात दोघे सहाध्यायी होते. साताऱ्याच्या परीक्षकांनी नुसता चेहरा पाहिला. गोखल्यांना माणूस ठाऊक होता.

घरी येऊन आम्ही कुलगुरूंचे नाव खोडले. मग कॉलेजच्या ग्रंथपालांचे नाव सुचले. आम्ही कोणती पुस्तके नेतो आणि कोणती न वाचताच परत करतो, हे ते जाणतात. दुसरे सुचले एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो आता स्वतः शिक्षक आहे. तिसरे नाव केव्हाचे मनात होते, पण लिहवत नव्हते. शेजारच्या वर्गात बावीस वर्षे शिकविणाऱ्या सहकाऱ्यांचे ते नाव. अभ्यासक्रमावरून वाद होऊन दोन वर्षे आमचा अबोला होता. नापास होणाऱ्या मुलांना आम्ही रविवारी घरी बसवून शिकवितो, हे त्यांना माहीत आहे. आणि आमची टिपणांची वही किती जुनी आहे, हेही.

विचारल्यावाचून कोणाचे नाव देणे बरे नव्हे. म्हणून ग्रंथपालांची व विद्यार्थ्याची संमती घेऊन आम्ही नारायण पेठेतील त्यांच्या घरी गेलो. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाव जरूर द्या. पण मला विचारलं, तर आहे तेच सांगेन हं."

"त्यासाठीच तर आलो," आम्ही म्हणालो. जिना उतरताना मात्र पाय किंचित लटपटत होते, हे कबूल केले पाहिजे.

जागा मिळेल अथवा न मिळेल. ती टिपणांची वही मात्र त्याच रात्री आम्ही नव्याने लिहावयास घेतली.