मस्क्युलर डिस्ट्रॉफी: गादीची निवड आणि रात्रीची झोप

मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या माणसाच्या गादीला दोन कामे करावी लागतात. हाडांच्या उंचवट्यांवर येणारा भार तिने अंगभर पसरवायचा असतो आणि उरलेल्या थोड्या ताकदीत कूस बदलू द्यायची असते. ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतात. मऊ गादीत अंग रुतते आणि वळणे कठीण होते. कडक गादीवर वळता येते, पण खुबा आणि खांदा ठणकू लागतो. आजार पुढे सरकतो तसा हा तोल बदलतो, म्हणून गादीचा विचार दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक आजारांचा गट आहे. त्यातल्या ड्युशेन प्रकारात एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषामुळे स्नायूंना डिस्ट्रोफिन हे प्रथिन मिळत नाही, आणि तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. डिस्ट्रोफिनचा शोध १९८७ मध्ये लागला. लहानपणी मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत उभा राहतो आणि साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास त्याचे चालणे थांबते. स्टिरॉइडच्या उपचाराने हा काळ काहीसा लांबतो. बेकर आणि लिंब-गर्डल प्रकारांत हीच वाटचाल बहुधा सावकाश होते. या तिन्ही प्रकारांत कंबर आणि खांद्याभोवतीचे स्नायू आधी कमजोर होतात, आणि कूस बदलायला नेमके तेच लागतात.

निरोगी माणूस झोपेत नकळत अनेकदा हलतो, त्यामुळे कोणत्याही एका जागेवर भार फार वेळ राहत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला हा भार अनेकदा जाणवतच नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत संवेदना शाबूत असते: भार जाणवतो, दुखते, जाग येते, पण हलता येत नाही. मग रुग्ण हाक मारतो आणि आई किंवा वडील उठून त्याला वळवतात. रात्रीतून हे अनेकदा घडते. गादी नीट मिळाली तर रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एका माणसाची झोप वाचते.

गादीची निवड घराच्या रीतीवरही अवलंबून असते. उदाहरणार्थ, सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग किंवा कापड बाजारात काम, एक-दोन खोल्यांचे घर आणि रात्री जमिनीवर अंथरूण, अशी अनेक घरांची रीत असते. या आजारात जमिनीवरचे अंथरूण लवकर अडचणीचे ठरते. सुरुवातीला मुलाला तिथून उठता येत नाही आणि पुढे त्याला उचलणाऱ्याची कंबर धरते. साधा लाकडी किंवा लोखंडी पलंग चालतो. त्याची उंची व्हीलचेअरच्या बैठकीइतकी असली की सरकून जाणे सोपे होते.

गाद्यांचे गुणदोष पाहू. कापसाची गादी सुरुवातीला चांगली वाटते, पण काही महिन्यांत कापूस दबून गाठी होतात आणि नेमक्या खुब्याखाली खळगा पडतो. पिंजून घेतली की ती पुन्हा सारखी होते. काथ्याची गादी हवेशीर आणि टणक असते. एकटी वापरली तर टोचते, पण खालचा थर म्हणून उत्तम. मेमरी फोम भार चांगला पसरवतो, पण शरीराचा साचा धरून ठेवतो आणि उष्णता अडवतो. कमजोर हातांना त्या खड्ड्यातून बाहेर येता येत नाही, आणि सुरतेच्या दमट हवेत पाठ घामाने भिजते. लॅटेक्स भार पसरवून लगेच मूळ जागी येतो, म्हणून वळायला सोपा. तो महाग आणि जड असतो. ज्याला स्वतः थोडे वळता येते त्याच्यासाठी टणक फोम किंवा काथ्याचा थर आणि वर चार-पाच सेंटिमीटरचा मऊ, लवचिक थर ही बहुधा सर्वांत व्यवहार्य रचना ठरते.

स्वतः अजिबात हलता येत नसेल तर आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची हवेची गादी उपयोगी पडते. तिचा पंप विजेवर चालतो, म्हणून वीज गेल्यावर काय करायचे ते आधी ठरवावे आणि खाली नेहमीची गादी ठेवावीच. कप्प्यांची हालचाल काहींना झोपू देत नाही, म्हणून विकत घेण्याआधी काही रात्री भाड्याने आणून पाहावी. ही गादी असली तरी कूस बदलून देणे थांबवता येत नाही.

चादरीचा वाटाही मोठा आहे, आणि तिथे सुरतेचे सॅटिन कामी येते. पलंगाच्या मधल्या भागात, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, गुळगुळीत सॅटिनचा आडवा पट्टा घालून त्याच्या कडा खालच्या चादरीला घट्ट शिवाव्यात. पायांकडे सुती चादरच ठेवावी. टाचांना पकड मिळते, कंबर घसरते आणि थोड्या जोरात कूस वळते. वळवणाऱ्यालाही ओढाताण करावी लागत नाही. पट्टा काठापर्यंत नेऊ नये, नाहीतर रुग्ण पलंगावरून घसरू शकतो. घामाचा त्रास असेल तर अंगात पातळ सुती कपडे असावेत.

उशा गादीइतक्याच महत्त्वाच्या. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक आणि पाठीला टेकू म्हणून एक उशी द्यावी. अंग पूर्ण कुशीवर न वळवता सुमारे ३० अंश कलते ठेवले की खुब्यावरचा भार कमी होतो. उताणे झोपताना पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. पांघरुणाच्या ओझ्याने पाऊल खाली झुकू नये यासाठी पायांशी आधार द्यावा. पाठीला बाक आला असेल तर रिकामी जागा घडी घातलेल्या टॉवेलने भरावी. श्वासाचे स्नायू कमजोर झाल्यावर डोके उंच लागते. तेव्हा गुडघे आधी थोडे वर घ्यावेत, नाहीतर अंग खाली घसरून माकडहाडाची त्वचा ओढली जाते. आडवे होताच दम लागणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे ही लक्षणे गादीने जात नाहीत. त्यासाठी श्वसनाची तपासणी करावी लागते, आणि बायपॅपसारख्या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची गरज पडू शकते.

दुकानात गादी नुसती दाबून पाहू नये. रुग्णाने नेहमीच्या स्थितीत तिच्यावर अर्धा तास पडून राहावे आणि कूस बदलून पाहावी. हवेच्या गादीवर रुग्ण असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवावा. हाड हाताला लागले, किंवा मधली जाडी सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी वाटली, तर आधार अपुरा आहे. घरी रोज सकाळी टाचा, खुबे, माकडहाड आणि कोपर पाहावेत. दाब काढल्यावरही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. स्टिरॉइड चालू असलेल्यांची त्वचा नाजूक आणि हाडे ठिसूळ होतात, म्हणून त्यांना वळवताना हातपाय धरून ओढू नये. खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवावी.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. गादी घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून सांध्यांची आणि पाठीची स्थिती पाहून घ्यावी, आणि रात्री जो वळवतो त्यालाही सोबत न्यावे. गादीच्या निवडीत त्याच्या अनुभवाचे वजन रुग्णाच्या मताखालोखाल धरले पाहिजे.