हरवलेला कर्ता

व्याकरण रुक्ष म्हणून विद्यार्थी त्याचा कंटाळा करतात. परंतु राज्यकारभाराचें मर्म कळण्यास व्याकरणासारखें दुसरें साधन नाहीं, असें माझें मत होत चाललें आहे. मागें एका वृद्ध आप्तांच्या औषधोपचारासंबंधीं मीं एका सरकारी कार्यालयाकडे तक्रार-अर्ज केला होता. पुष्कळ दिवसांनीं उत्तर आलें, 'आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यांत येईल.' वाक्य निर्दोष आहे. कर्म आहे, क्रियापद आहे. कर्ता तेवढा नाहीं! शाळेंत ह्यास आम्ही नवीन कर्मणि प्रयोग म्हणून शिकवीत असूं. करणाऱ्याचें नांव घ्यावयाचें नसतें, तेथें तो सोयीचा पडतो.

आमच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची रचनाही ह्याच प्रयोगांत झालेली दिसते. राजारामपुरींतील घरांत कोणी आजारी पडलें, तर प्रथम महानगरपालिकेचा दवाखाना. तेंच माणूस करवीर तालुक्यांतील खेड्यांत असेल, तर जिल्हा परिषदेचें प्राथमिक आरोग्य केंद्र. दुखणें बळावलें, कीं छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय. तें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेलें, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याच्या हाताखालीं. रोगी एक आणि पालक तीन! १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाल्याचें जाहीर झालें, तें सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांपुरतें. वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें त्या निर्णयांत नव्हतीं. तापानें फणफणलेल्या मनुष्यास हा खातेभेद कसा उमजावा?

ह्या कर्तृहीन वाक्याचें भयानक रूप त्याच वर्षीं नांदेडला दिसलें. सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतांना तेथील शासकीय रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. ३ ऑक्टोबर रोजीं हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनीं तेथील हंगामी अधिष्ठात्यांकडून शौचकूप साफ करवून घेतला. कित्येकांना वाटलें, चला, कोणास तरी जाब विचारला गेला! मला मात्र तसें वाटलें नाहीं.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण सांगतांना त्याच्या स्वातंत्र्यावर बोट ठेविलें आहे. जो क्रियेंत स्वतंत्र, तो कर्ता. किरकोळ स्थानिक खरेदी सोडली, तर औषधें मुंबईहून यावयाचीं, रिकाम्या जागा मुंबईनें भरावयाच्या; मग अधिष्ठाता कर्ता कसा? २०१७ पासून औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. २०२३ सालीं तीसाठीं कायद्यानें निराळें प्राधिकरण निर्माण झालें. नांदेडच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, तेव्हां त्या प्राधिकरणास पूर्णवेळ मुख्य अधिकारी नसल्याचा प्रश्नही पुढें आला. खुर्ची आहे, अधिकार आहे, बसणारा नाहीं! राज्यघटनेप्रमाणें मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार आहे. झाडू हातीं देणें सोपें; खरेदी कोणीं लांबविली, जागा कोणीं भरल्या नाहींत, हें सभागृहांत विचारणें लोकप्रतिनिधींचें खरें काम.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें समजावयास ग्रंथ नकोत. आपल्या कायद्यानेंही कुटुंबप्रमुखास 'कर्ता' हेंच नांव दिलें आहे. कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, घरांत कोणी उपाशी राहिलें तर बोल त्यालाच. किल्ल्या थोरल्याकडे आणि बोल धाकट्या सुनेला, अशा घराची गत काय होते, तें वाचकांस सांगावयास नको.

गृहस्थानें ह्यांत काय करावें? अर्ज कर्तरि प्रयोगांत लिहावा. काय होईल, असें न विचारतां कोण करील, कोणत्या तारखेपर्यंत करील, असें विचारावें. २००५ च्या माहिती-अधिकाराच्या कायद्यानें उत्तरास तीस दिवसांची, आणि प्रश्न जीविताचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांची मुदत घातली आहे. घरांतील तरुण मुलांकडून असे अर्ज लिहवावेत; त्यांचें व्याकरणही सुधारेल, आणि कदाचित् सरकारचेंही.