नाडगावची वाट जामनेरवरून

पाचोऱ्याला उतरले आणि आधी पीजेची चौकशी केली. गाडी बंद आहे हे ठाऊक होतं, तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी थांबत थांबत 56 किलोमीटर जाणारी छोटी गाडी. शंभर वर्षांपूर्वी या पट्ट्यातला कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनीपर्यंत आणण्यासाठी हा फाटा टाकला गेला. कापसाच्या गाठींबरोबर माणसंही बसू लागली, आणि पुढे माणसांचीच गाडी झाली. लहानपणी मी तिच्यात एकदाच बसले होते, आईचा हात धरून, मामेबहिणीच्या लग्नाला जाताना. 2020 च्या टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे.

मला नेमकं तिथंच जायचं होतं. जामनेर, तिथून बोदवड, आणि बोदवडला लागून असलेलं नाडगाव. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचा जन्म या गावातला, 19 डिसेंबर 1934 चा. रेल्वे होईल तेव्हा होईल. मी एसटी धरली.

कंडक्टरनं न विचारता अर्धं तिकीट फाडलं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. त्या दिवशी गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या: माहेरी निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, बाजाराला निघालेल्या. पूर्वी घरातून निघायचं तर भाड्याचे पैसे मागावे लागत आणि मागताना कारण सांगावं लागे. निम्म्या भाड्यानं निदान कारणांची यादी छोटी झाली आहे.

शेंदुर्णीला एक मावशी शेजारी येऊन बसल्या. साठीच्या असतील. मांडीवर पिशवी, पिशवीत बहिणीसाठी शेंगा. माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडेनं बारीक काळपट चिरा पडलेल्या, दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात असे होतात. बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी कडक होतात. बोटं आत घालून सरकी-रुईसकट कापूस एका झटक्यात उपसायचा, कमरेच्या ओटीत टाकायचा, की लगेच पुढचं बोंड. दिवसभर वाकून. मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. वेचणी बायकांची. कापूस गाडीत भरून जिनिंगला नेणं, वजन करणं आणि पट्टी घेणं हे बहुतेक घरांत पुरुषांचं. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, प्रतिभाताईंचं गाव बघायला. मावशी थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘आमच्या गावालेबी बाईच सरपंच हाय. पन मिटिंगले तिचा मालक बसतो.’’

तक्रारीचा सूर नव्हता. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तशा त्या बोलल्या, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पहूर गेलं. इथून एक रस्ता अजिंठ्याकडे जातो. अजिंठ्याच्या लेण्यांखाली वळसा घेणारी वाघूर याच भागातून तापीकडे निघते. जामनेर मात्र कांग नदीकाठचं. गावात शिरलो तेव्हा कापसानं भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि वाऱ्यानं उडालेले पांढरे पुंजके गटारीच्या कडेनं, विजेच्या तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर अडकून बसले होते. स्टँडजवळच्या खानावळीत वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वरून तेल घातलेला ठेचा घेतला. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी आत चुलीशी होत्या आणि गल्ल्यावर पुरुष. इतकं साधं दृश्य, पण मावशींचं वाक्य कानात असल्यामुळे ते मला वेगळं दिसलं.

हाताशी वेळ होता म्हणून तालुक्यातल्या एका गावी जाऊन आले. नाव मुद्दाम देत नाही, कारण गोष्ट त्या एकाच गावाची नाही. ग्रामपंचायतीत भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फलक होता. 1995 नंतर त्यावर बायकांची नावं दिसू लागतात, पुढे तर एकाआड एक. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या आणि 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या, त्याचं हे फळ. सरपंचबाई कुठे आहेत, असं मी विचारलं. शेतात, असं उत्तर आलं. उत्तर देणारे गृहस्थ सरपंचांच्या खुर्चीत बसले होते. नीट वागले, चहा पाजला, घरकुलांची कामं कुठे अडली तेही सांगितलं. आपण दुसऱ्याच्या जागी बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जामनेरहून बोदवडचा रस्ता शेतांमधून जातो. दोन्ही अंगांना कपाशी, मध्येच तूर, कुठे मक्याची कणसं सुकत घातलेली. बोलीही जामनेरसारखीच, तावडी. बोदवडच्या पुढे मुक्ताईनगरच्या वाटेवर भुसावळ-नागपूर लाइनीजवळ नाडगाव लागतं. गाव तालुक्यातल्या कुठल्याही गावासारखंच. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ‘‘ताईंचं गाव हेच’’ म्हणून सांगतात. इथं त्यांना कुणी राष्ट्रपती म्हणत नाही, सगळे ताईच म्हणतात.

त्यांचे वडील नानासाहेब पाटील वकील होते. मुलीला शिकवायचं हा त्यांचा आग्रह, आणि 1940 च्या दशकात खानदेशातल्या रजपूत घरात हा आग्रह धरणं सोपं नव्हतं. जळगावात शाळा, मग मूळजी जेठा महाविद्यालय. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. केलं, मुंबईला कायदा शिकल्या, कॉलेजात असताना टेबल टेनिसची बक्षिसं जिंकली. जळगावात वकिली सुरू केली आणि 1962 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार झाल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि त्यांनी जिल्ह्यात महिलांचं होमगार्ड पथक उभं केलं. पदर खोचून कवायत करणाऱ्या बायका जळगावच्या मैदानावर ज्यांनी पहिल्यांदा पाहिल्या असतील, त्यांना काय वाटलं असेल?

1967 पासून 1985 पर्यंत त्या एदलाबाद मतदारसंघातून सलग चार वेळा निवडून आल्या. समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण अशी खाती सांभाळली. 1979 मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. नंतर राज्यसभा, तिथलं उपसभापतिपद, अमरावतीतून लोकसभा. 2004 मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मुंबई-दिल्लीत त्यांनी वसतिगृहं काढली, ते काम मला फार मोलाचं वाटतं. शहरात नोकरी मिळते, पण राहायला जागा मिळत नाही म्हणून किती मुली घरी परतल्या असतील! सगळंच साधलं असंही नाही. जळगावातली त्यांच्या नावाची महिला सहकारी बँक बुडाली आणि 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. बायकांच्या नावानं काढलेली संस्था बुडते तेव्हा ठेवींबरोबर विश्वासही बुडतो, म्हणून हे लपवून पुढे जाता येत नाही. राजस्थानात घुंघट सोडा असं त्या म्हणाल्या. ते बरोबरच होतं. पण या प्रथेचं मूळ मोगल आक्रमणात आहे असं सांगितलं, त्याला इतिहासाच्या अभ्यासकांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती.

त्या स्वतः आयुष्यभर डोक्यावर पदर घेत आल्या. यावर शहरातल्या मैत्रिणी मला नेहमी छेडतात: समतेची भाषा आणि पदर, हे कसं जमतं? मला यात विसंगती दिसत नाही. पदर असलेल्या बाईलाच खानदेशातल्या घरांनी दार उघडलं, आणि दार उघडल्याशिवाय आतल्या मुलीला शाळेत पाठवा असं सांगता येत नाही. 25 नोव्हेंबर 2009 ला पुण्याच्या लोहगाव तळावर राष्ट्रपती झालेल्या त्याच बाईनं जी-सूट चढवला, हेल्मेट घातलं आणि सुखोईत बसून आकाशात झेप घेतली. वय 74. तो फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा माझ्या आईनं तो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

2007 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना 6,38,116 मतमूल्य मिळालं आणि प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावत यांना 3,31,306. दिल्लीत विरोधात असलेल्या शिवसेनेनंही मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिलं. 4 जून 2009 ला संसदेसमोर केलेल्या अभिभाषणात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आणि संसदेत आरक्षण या दोन्ही गोष्टी होत्या. राष्ट्रपतींचं अभिभाषण सरकार लिहितं, हे खरं. पण नाडगावात जन्मलेल्या बाईच्या तोंडून ते शब्द देशानं ऐकले, याचंही मोल आहेच. पुढच्या मार्चमध्ये राज्यसभेनं महिला आरक्षण विधेयक मंजूर केलं आणि लोकसभेत ते अडकलं. सप्टेंबर 2023 मध्ये अखेर कायदा झाला. त्याची अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधलेली आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत मुक्ताईनगरला पोहोचले. प्रतिभाताई निवडून येत तेव्हा याचं नाव एदलाबाद होतं. नंतर ते मुक्ताबाईच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. जवळच्या कोथळीतल्या तिच्या जुन्या देवळात मी थोडा वेळ बसले. ज्ञानदेवांची ही धाकटी बहीण. दार लावून बसलेल्या भावाला दार उघडायला लावणारी, आणि वयानं कितीतरी मोठ्या चांगदेवांची गुरू झालेली. 1297 मध्ये तापीकाठी विजेच्या कडकडाटात ती नाहीशी झाली असं परंपरा सांगते. सातशे वर्षांपूर्वी या मुलखानं एका मुलीला गुरू मानलं. तिची पालखी इथून पंढरपूरला जाते, तेव्हा तिच्या पुढे पुरुष लोटांगण घालतात.

याच कोथळीच्या सरपंच म्हणून सुरुवात केलेल्या रक्षा खडसे 2014 पासून रावेरच्या खासदार आहेत. जामनेर त्यांच्याच मतदारसंघात येतं. 2024 मध्ये जळगावातून स्मिता वाघ आणि धुळ्यातून शोभा बच्छाव निवडून आल्या. महाराष्ट्राच्या 48 जागांवर त्या वर्षी सात बायका लोकसभेत गेल्या आणि त्यांतल्या तिघी खानदेशातून. पक्ष वेगळे, विचार वेगळे, पण आकडा बघून मला आनंद झाला. ज्या मुलखातून पहिली महिला राष्ट्रपती गेली, तिथल्या मतदारांना बाईचं नाव आता परकं राहिलेलं नाही. अडचण खालच्या पायरीवर आहे. बाई दिल्लीत बसते तेव्हा तिच्या जागी नवरा बसू शकत नाही. गावच्या कार्यालयात बसू शकतो, कारण तिथं बघणारं कुणी नसतं.

बघणाऱ्यांची सोय कायद्यानं केलेली आहे. महाराष्ट्रात गावच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. तिचं इतिवृत्त लिहावं लागतं, त्यावर हजर बायकांच्या सह्या लागतात, आणि ते कागद गावातला कुणीही मागू शकतो. परतीच्या गाडीत शेंदुर्णीच्या मावशी पुन्हा भेटत्या तर मी त्यांना हेच सांगितलं असतं. त्या भेटल्या नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी तुमच्या गावची महिला ग्रामसभा कधी आहे, ते विचारा. झाली असेल तर इतिवृत्ताची वही मागा आणि सह्या कुणाच्या आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.