हात बसला पाहिजे

आमचं गाव तापीकाठी. वस्तीतल्या बाया नदी ओलांडून चोपड्याकडच्या केळीच्या मळ्यात मजुरीला जातात. पूल लांब. होडी दुसऱ्याची. तो सगळ्यांना पार करणार आणि मग मर्जी असली तर आमच्या बायांना बोलावणार. खाडा पडला तर चूल कुणाची विझते? आमची.

म्हणून चौघांनी वर्गणी काढली आणि अमळनेरला भंगारातून फायबरची जुनी होडी घेतली. घरापुढे निंबाखाली उलटी पाडली. पेंटरने सांगितलेली मजुरी होडीच्या किमतीहून जास्त. म्हटलं, आपणच करू. आबा बाजेवर बसून म्हणाले, "कसाले घासत बसनात? वरतून रंग मारी द्या."

पण आधीच्या मालकाने तेच केलं होतं. धूळ न धुता, जुना थर न घासता रंगावर रंग. तो कांद्याच्या सालीसारखा सुटत होता. खाली तडे, आणि बुडाला वीतभर चीर. रंगाखाली ती दिसतही नव्हती.

आधी साबणाने धुतली. मग तेलमेण जाईस्तोवर थिनरने पुसली. मेण राहिलं तर घासताना ते आत जिरतं आणि वर काहीच धरत नाही. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन. घासलं की काचेची बारीक कुसं उडतात. तोंडाला मास्क, अंगात फुल बाह्या, तरी रात्रभर खाज. मायने कपडे वेगळे धुतले.

चिरेच्या कडा उतरत्या घासल्या, म्हणजे काचेची मॅट रुंद जागेवर बसते. रेझिनमध्ये हार्डनर टाकला तो दुपारी, मे महिन्यात. खान्देशातलं ऊन! मग्यातला माल बघता बघता घट्ट झाला, मगा तापला, धूर निघाला. पैसे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, हार्डनर कमी घेतला, थोडा थोडा माल कालवला. मॅटचे तीन थर बसले. पुन्हा घासणं, प्रायमर, पाण्याने चारशे नंबरचा कागद, मग निळ्या रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला असता तर ओघळला असता.

होडी चकाकली. पोरं म्हणाली, उद्याच बायांना बसवू. मी नाही म्हटलं. भांडण झालं.

मला चाळीसगाव आठवत होतं. 1929 साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामाने आपल्या खान्देशात आले होते. चाळीसगाव स्टेशनावरचे टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. तेव्हा आपल्याच एकाने लगाम धरला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, घोडा आणि टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या माणसांनी मान राखायला टांगा आणला, पण त्या मानापेक्षा बसणाऱ्याचा जीव मोठा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, असंही लिहिलंय.

दोष ज्यांनी हाकायचं नाकारलं त्यांचा, हे उघड आहे. पण लगाम हातात आल्यावर आपला हात बसलेला नव्हता, हेही खरं. आपण घोषणा शिकलो, त्या शिकायलाच हव्या होत्या. मात्र चीर भरणं, रेझिन कालवणं, वल्हं मारणं ही विद्या कुणी आपल्याला आपणहून देणार नाही.

म्हणून पंधरा दिवस आम्ही रिकामी होडी चालवली. ट्रकच्या ट्यूबा बांधून, काठाकाठाने. दोन वेळा फिरली, एकदा गाळात रुतली. बुडाला हात लावून रोज पाहिलं, पाणी येतंय का. आलं नाही. मजुरीला जाणाऱ्यांतल्या दोघीजणी वल्हं मारायला शिकल्या. त्यांचा हात आमच्यापेक्षा लवकर बसला.

पहिल्या खेपेला वल्ह्यावर त्याच होत्या. मी काठावर उभा होतो, निळ्या रंगाचे हात घेऊन. तो थिनरने अजून पुरता गेलेला नाही.