एका स्वल्पविरामासाठी सगळी डॉक्स?

हुफूफ, शुक्रवार

चि. चिऊस,


तुमच्या प्रकल्पाच्या डॉक्सचं काम तू अंगावर घेतलंस, बरं वाटलं. कोडला सगळे पुढे, डॉक्स म्हटलं की पांगापांग. पण नव्या मुलांना ‘या, लिहा’ म्हणण्याआधी बिल्ड सुधार. आज सुट्टी आणि बाहेर होरपळ, त्यामुळे कैसरिया बाजारात न जाता तुमचा लॉग शेवटपर्यंत वाचून काढला.

डॉक्स बांधणाऱ्या स्फिंक्सला नावं ठेवू नकोस. गेऑर्ग ब्रांडलने 2008 साली पायथनच्या डॉक्ससाठी ते काढलं. एकदा वाचलेली फाइल ते साठवून ठेवतं आणि पुढच्या खेपेस बदललेल्याच फाइली वाचतं. तरी तुमच्या सीआयवर एका स्वल्पविरामासाठी अख्खी डॉक्स पुन्हा बांधली जातात, कॅशे असूनही! गोम गिटमध्ये आहे. गिट फाइलींच्या वेळा जपत नाही. चेकआउट झालं की प्रत्येक फाइलवर त्या क्षणाचा शिक्का. स्फिंक्स मजकूर ताडून पाहत नाही, वेळ पाहतं, आणि सगळंच नवं समजून कामाला लागतं. (तुझं पुणं हुफूफच्या अडीच तास पुढे असलं तरी दोष त्याचा नाही, या वेळा युटीसीतच मोजतात.) स्टुअर्ट फेल्डमनने 1976 मध्ये लिहिलेलं मेकही वेळेवरच चालतं, म्हणजे खोड जुनीच.

चेकआउटनंतर गिट-रिस्टोर-एमटाइम चालव. ते प्रत्येक फाइलला तिच्या शेवटच्या कमिटची वेळ देतं. त्यासाठी रेपोचा पूर्ण इतिहास उतरवावा लागेल, उथळ क्लोन चालणार नाही. आणि यात एक फसगत आहे. समज, कुणी काल कमिट केलं, आज सकाळी कॅशे बनला आणि दुपारी ते कमिट मर्ज झालं. फाइलची वेळ कालची, म्हणून स्फिंक्स तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून कॅशे फक्त पुल रिक्वेस्टच्या पूर्वदर्शनापुरता ठेव. लोकांसमोर जाणारा बिल्ड कॅशेला हात न लावता, कोरा.

आता वॉर्निंगा. ‘हे पान कुठल्याच टॉकट्रीत (अनुक्रमणिकेत) नाही’ ही ओळ लॉगमध्ये इतक्यांदा आलीय की तुमच्यापैकी कुणाला ती दिसतच नसावी. आधी जुन्या निस्तरा, मग स्फिंक्सला -डब्ल्यू लावा, म्हणजे नवी वॉर्निंग आली की बिल्ड नापास होईल. उलट क्रमाने केलंत तर पहिल्याच दिवशी सगळे तुझ्या नावाने खडे फोडतील.

मराठी पीडीएफ अडतं, कारण पीडीएफलेटेकला देवनागरी झेपत नाही. कॉन्फिगमध्ये इंजिन झीलेटेक कर आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट दे. तो मुक्त परवान्याचाच आहे. पण पीडीएफ प्रत्येक पुल रिक्वेस्टला कशाला? रात्री एकदा पुरे.

वॉर्निंगांची यादी सोबत जोडतोय. टॉकट्रीच्या मी घेतो, तुटलेल्या दुव्यांच्या तू बघ.

तुझा,
मामा